आधी शहाद्याचा दावा टाकून पाहा
(राज्य आरोग्य हमी सोसायटीला खुले पत्र)

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

प्रत माहितीसाठी : राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : निदानाचे व उपचारांचे कोड बदलताना दाव्यांच्या यंत्रणेची चाचणी

महोदय,
स. न. वि. वि.

२९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान आले, मांडव पडला, फोटो देशभर छापून आले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ जुलै २०१२ ला, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत धुळे होते, गडचिरोली होते, नंदुरबार नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ ला ती राज्यभर गेली तेव्हा आम्ही तिच्यात आलो. थोडक्यात, आमचा जिल्हा उद्घाटनाला चालतो, चाचणीला त्याची आठवण होत नाही. तक्रार मानापमानाची नाही. गडचिरोलीसारखा दुर्गम जिल्हा पहिल्या आठांत घेणाऱ्या सरकारला चाचणीचे महत्त्व कळत नाही, असे म्हणताही येणार नाही. योजना आणताना जी सावधगिरी दाखवली, ती योजनेच्या पोटातले कोड बदलताना दाखवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

वाचकांसाठी थोडे सांगतो. आपल्याला हे पाठ आहे. अंगीकृत रुग्णालय जेव्हा याच योजनेखाली, म्हणजे आताच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली, उपचार करते तेव्हा पोर्टलवर दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. रुग्णाला झाले काय, ते निदान. आणि त्यावर केले काय, तो उपचार. दोन्हींना कोड असतात. उपचारांची यादी गेल्या काही वर्षांत भराभर वाढली. पूर्वी ९९६ उपचार होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते १,३५६ झाले आणि विम्याचे कवच दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले. अंमल १ जुलै २०२४ पासून. २०२५ मध्ये ही संख्या २,३९९ पर्यंत नेण्याचा निर्णय झाला. निदानाच्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे वर्गीकरण आहे. त्याची दहावी आवृत्ती, आयसीडी-१०, आपण वापरतो. अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने २०१९ मध्ये मंजूर केली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. १० जानेवारी २०२४ ला नवी दिल्लीत तिचा आयुर्वेद, सिद्ध व युनानीचा भागही प्रसिद्ध झाला. म्हणजे पाहुणा उंबऱ्यावर आहे. घरात केव्हा घ्यायचा एवढेच ठरायचे आहे. त्यात २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने निदानगटानुसार पैसे देण्याच्या पद्धतीचा प्रयोग ज्या पाच राज्यांत करायचे जाहीर केले, त्यांत महाराष्ट्र आहे. त्या पद्धतीत निदानाचा कोड आणि त्यासोबतची गुंतागुंत यांवरच रक्कम ठरते. आजवर निदानाचा कोड चुकला तर बहुधा आकडेवारी बिघडत होती. उद्या रक्कम बिघडेल.

आता एकच आजार जवळून पाहू. सिकलसेल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६९ टक्क्यांहून अधिक आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत तो हटवायचे ठरवले आहे. आयसीडी-१० मध्ये सिकलसेलचे घर डी५७. त्यात टिंबानंतर शून्य म्हणजे रुग्ण क्रायसिसमध्ये आहे : हाडे-सांधे ठणकताहेत, सलाईन चालू आहे, कदाचित रक्त चढवावे लागेल. टिंबानंतर एक म्हणजे आजार आहे, पण क्रायसिस नाही. तीन म्हणजे नुसता वाहक. ज्याला तपासणीच्या भाषेत ‘एएस’ म्हणतात, जो एरवी ठणठणीत असतो. आयसीडी-११ मध्ये याच आजाराचे घर ३ए५१ आणि आतली मांडणी उलटी. तिथे टिंबानंतर शून्य म्हणजे वाहक, एक म्हणजे क्रायसिस नसलेला रुग्ण आणि दोन म्हणजे क्रायसिस. ज्या ऑपरेटरच्या बोटांना वर्षानुवर्षे ‘शून्य म्हणजे गंभीर’ ही सवय लागली आहे, त्याने नव्या पोर्टलवर घाईत शून्य दाबला तर वेदनेने तळमळणारा रुग्ण कागदोपत्री निरोगी वाहक होतो. छाननी करणारा डॉक्टर विचारणारच, वाहकाला दाखल कशाला केले? त्याचे काही चुकणार नाही. दावा नामंजूर होईल, आणि नियमाप्रमाणेच होईल.

यावर आपले तांत्रिक सल्लागार म्हणतील, जुन्या कोडसमोर नवा कोड मांडलेला तक्ता असतोच, संगणक आपोआप बदल करील. तो तक्ता मोलाचा आहे, पण त्याची मर्यादा याच आजारात दिसते. आयसीडी-१० चा डी५७.२ हा कोड सिकल-थॅलेसेमियासारख्या दुहेरी वारशाच्या रुग्णांचा. त्यात क्रायसिस आहे की नाही हे लिहायची सोयच नव्हती. आयसीडी-११ मध्ये त्याचे दोन कोड झाले : क्रायसिस नसलेल्यांचा ३ए५१.३ आणि असलेल्यांचा ३ए५१.४. जुन्या नोंदीत जी माहिती कधी टिपलीच नाही, ती तक्ता कुठून आणणार? ती केसपेपरवर असेल तर असेल; म्हणजे कुणीतरी केसपेपर उघडून, डॉक्टरांचे अक्षर लावून ती वाचायला हवी. आणि केसपेपरवर तरी काय उतरते? इथला रुग्ण आपले दुखणे अहिराणीत सांगतो, भिलीत सांगतो, पावरीत सांगतो. डॉक्टर ते ऐकून इंग्रजीत दोन शब्द लिहितात आणि त्या दोन शब्दांचा कोड तिसराच माणूस शोधतो. जिथे जुने कोड काम भागवत होते तिथे नवे कोड जास्त बारकावा मागतात, तो मागताना वर्गीकरणाचे पंडित चुकत नाहीत. पण बारकावा टिपायला लागणारा वेळ कुणाच्या पगारात धरला आहे, ते कुणी सांगत नाही.

याहून क्षुल्लक वाटणारी एक गोष्ट. जुन्या कोडची सुरुवात नेहमी अक्षराने होई. नव्यातल्या पहिल्या नऊ प्रकरणांचे कोड आकड्याने सुरू होतात आणि दुसऱ्या जागी अक्षर येते. कोड ठरवणाऱ्यांनी विचार केला नव्हता असे नाही. शून्याशी आणि एकाशी घोटाळा होऊ नये म्हणून इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे त्यांनी वगळली. पण विषाणूजन्य काविळीचा नवा कोड आहे १ई५०. अनेक लहान रुग्णालये आपली नोंद एक्सेलमध्ये ठेवतात. रोमन लिपीत हा कोड एक्सेलच्या चौकटीत टाइप करून पाहावा. एक्सेल त्याला कोड समजत नाही, संख्या समजते : एकावर पन्नास शून्ये. काविळीच्या रुग्णापुढे एवढा मोठा आकडा उभा राहतो की तेवढे रुपये रिझर्व्ह बँकेकडेही नसतील. हसण्यावारी नेण्याजोगी चूक आहे, पण ती मुंबईतल्या चाचणीकक्षात सापडणार नाही, कारण तिथे कुणी एक्सेलमधून कोड उचलून पोर्टलवर चिकटवत नाही. ती सापडेल शहाद्याच्या एखाद्या पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयात, आणि तीही चाचणीच्या वेळी सापडली तर बरे.

अमेरिकेचा दाखला इथे उपयोगी आहे, कारण तिथे नेमके हेच झाले आणि सगळे आकडे प्रसिद्ध आहेत. तिथे नवव्या आवृत्तीवरून दहाव्यावर जाताना निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून ६९ हजारांच्या घरात गेले. विमानाच्या इंजिनात ओढल्या गेलेल्या माणसासाठीही स्वतंत्र कोड आहे म्हणून पुष्कळ थट्टा झाली. तारीख २०१३ ची होती, ती २०१४ वर गेली, मग २०१५ वर. शेवटी १ ऑक्टोबर २०१५ पक्की झाली. त्याआधी त्यांच्या वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेने त्याच वर्षात तीन फेऱ्यांची चाचणी घेतली. तीही टोकापासून टोकापर्यंत. म्हणजे दवाखान्याने, बिल बनवणाऱ्याने स्वतःच्याच संगणकावरून खोटा दावा पाठवायचा आणि किती रक्कम मंजूर, किती कापली, का कापली, याचा तपशील परत हातात येईपर्यंत थांबायचे. जानेवारी-फेब्रुवारीच्या पहिल्या फेरीत ६६१ जणांनी १४,९२९ दावे पाठवले. त्यांतले ८१ टक्के स्वीकारले गेले. एप्रिलच्या फेरीत ८७५ जणांनी २३,१३८ दावे पाठवले. ८८ टक्के गेले. जुलैच्या तिसऱ्या फेरीत २९,२८६ पैकी ८७ टक्के. पहिल्या फेरीतल्या नाकारलेल्या दाव्यांचा हिशेब पाहिला तर जुना कोड चुकला म्हणून ३ टक्के, नवा चुकला म्हणून ३ टक्के; उरलेले १३ टक्के भलत्याच कारणांनी. ओळख क्रमांक चुकलेला, तारीख चुकलेली, अशा कोडशी संबंध नसलेल्या गोष्टी. यंत्रणेचे जुने दुखणेही चाचणीत बाहेर पडले. मग ऑक्टोबर उजाडला. पहिल्या सत्तावीस दिवसांत नव्या कोडमधल्या चुकीपायी नाकारलेले दावे एकूण दाव्यांच्या ०.०९ टक्के निघाले. एकूण नामंजुरीचे प्रमाण पूर्वीइतकेच, दहा टक्क्यांच्या आसपास, राहिले. ज्या दिवशी आकाश कोसळणार होते त्या दिवशी काही झाले नाही, आणि काही झाले नाही याचे श्रेय त्या तीन फेऱ्यांतल्या चुकांना होते.

अमेरिकेकडे पैसा आहे, आपल्याकडे तो नाही, हा आक्षेप मला पूर्ण पटत नाही. या चाचणीत महाग असे काही नव्हते. स्वेच्छेने पुढे आलेली रुग्णालये, प्रत्येकाचे मोजके दावे, आठवडाभर वेळ, आणि निकाल जाहीर करण्याची तयारी. शेवटची गोष्ट सोडली तर बाकीच्या आपल्या आवाक्यात आहेत. आणि शेवटचीला पैसे लागत नाहीत. ८१ टक्के हा आकडा जाहीर करताना कुठल्याही अधिकाऱ्याला लाज वाटली असती. त्यांनी तो जाहीर केला म्हणून तर एप्रिलमधल्या ८८ वर लोकांचा विश्वास बसला. आपल्याकडे नवे पोर्टल येते तेव्हा ‘यशस्वी चाचणीनंतर’ असे दोन शब्द असतात. किती दावे टाकले, कुठल्या जिल्ह्यातून टाकले, किती परत आले, याची चौकशी करायला त्या दोन शब्दांत जागा नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोडच्या चुका माफ करा म्हणणारे शेवटी बनावट दावे करणाऱ्यांचेच काम सोपे करतात, असे तो सांगतो. बनावट दावे होतात हे खरे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आयुष्मान भारत योजनेखालचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आढळले. मोबाइल क्रमांकावरून लाभार्थ्याची पडताळणी होत नाही, असे प्राधिकरणाने त्यावर सांगितले. तो खुलासा मान्य केला तरी मूळ प्रश्न उरतो : दहा नऊ एका रांगेत टाकल्यावर यंत्रणेने एकदाही कपाळाला आठी का घातली नाही? कारण नको तो आकडा टाकून पाहण्याची परीक्षा कुणी घेतली नसावी. वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत काही जण मुद्दाम चुकीचे दावे पाठवत होते. यंत्रणा ते अडवते की नाही, एवढेच पाहायला. म्हणून चाचणी मागणारा माणूस ढिलाई मागत नसतो. जी यंत्रणा साडेसात लाख वेळा तोच क्रमांक गिळते आणि सिकलसेलच्या खऱ्या रुग्णाला शून्याच्या जागी दोन नाही म्हणून परत पाठवते, ती कडकही नाही आणि सैलही नाही. तिला कुठे कडक व्हायचे हे कुणी शिकवलेले नाही. तपासणी न करता नुसता नियम आवळला की सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि आमच्याकडे ओलेच जास्त आहे.

कुणी असेही म्हणेल की दाव्याचा वाद रुग्णालय आणि सोसायटी यांच्यातला, रुग्णाला उपचार मोफत मिळतातच. कागदावर बरोबर. पण हेच कोड पूर्वमान्यतेच्या अर्जातही लागतात. प्री-ऑथ अडकली, क्वेरी पडली की तोवर रुग्ण खाटेवर पडून असतो आणि त्याचे नातेवाईक आरोग्यमित्राच्या टेबलाशी उभे असतात. तिथे कुणी त्यांना सांगत नाही की अकराव्या आवृत्तीमुळे उशीर होतोय. ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढेच सांगतात. आणि पैसे अडकण्याचा परिणाम जरा उशिरा, पण नक्की होतो. शंभर खाटांचे रुग्णालय चार महिने थकलेली रक्कम सोसते. वीस खाटांचे सोसत नाही. ते योजनेतून बाहेर पडल्याचे जाहीर करीत नाही, भांडत नाही. योजनेची खाट शिल्लक नाही, असे सांगू लागते. मग धडगावचा माणूस शहाद्याहून नंदुरबारला जातो, नंदुरबारहून सुरतेला.

सुरतेचा मुद्दा तर स्वतंत्रच आहे. आमच्या जिल्ह्याला सुरत जवळ आहे, रेल्वे आहे, आणि आयुष्मान भारतचा लाभार्थी देशातल्या कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात जाऊ शकतो. उपचार गुजरातमध्ये, पैसे महाराष्ट्राचे. समजा एका राज्याने नवे कोड १ तारखेपासून घेतले आणि दुसऱ्याने तीन महिन्यांनी, तर मधल्या काळातला दावा कुठल्या भाषेत बोलेल? चाचणीच्या दाव्यांत सीमेपलीकडचा एकही दावा नसेल तर या प्रश्नाचे उत्तर खरा रुग्ण देईल. तसाच तारखेचा प्रश्न. महिनाअखेरीला जुन्या कोडवर प्री-ऑथ मिळालेला, भाजलेला रुग्ण पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला घरी जातो. त्याचा दावा जुना की नवा? अमेरिकेत दाखल रुग्णासाठी डिस्चार्जची तारीख धरली गेली. आपणही काही ठरवालच. पण ठरवले ते संगणकाला कळले आहे का, हे असा उंबऱ्यावरचा दावा टाकल्याशिवाय समजत नाही.

म्हणून मागण्या. कोडचा कोणताही मोठा बदल लागू करण्याआधी किमान दोन फेऱ्यांची चाचणी घ्यावी आणि तिची सुरुवात जिथे यंत्रणा सर्वांत दुबळी आहे तिथून व्हावी : नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट. सहभागी रुग्णालयांत पन्नास खाटांखालची निम्मी तरी असावीत. चाचणीचे दावे त्या त्या जिल्ह्याच्या आजारांतून निवडावेत; आमच्याकडून सिकलसेल, सर्पदंश, बाळंतपणातली गुंतागुंत, कुपोषित बालक. दावा ‘स्वीकारला’ असे पडद्यावर आले म्हणजे चाचणी संपली असे धरू नये. किती रक्कम, कोणत्या कारणाने कपात, हे रुग्णालयाच्या हिशेबनिसाला वाचून कळले की ती संपली. कोड भरणाऱ्या ऑपरेटरला आणि आरोग्यमित्राला सरावाचे पोर्टल आधी तीन महिने उघडे ठेवावे, जिथे चुकले तरी कुणाचे काही जाणार नाही.

आणि एक वर्षाची सवलत. ६ जुलै २०१५ ला, बदलाला तीन महिने उरले असताना, मेडिकेअरने तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेसोबत जाहीर केले की पहिले बारा महिने डॉक्टरांचा दावा केवळ बारकावा कमी पडला म्हणून नाकारणार नाही. कोड वैध हवा आणि योग्य कुळातला हवा. हे ‘कुळ’ महत्त्वाचे आहे. डी५७ च्या घरातला रुग्ण ३ए५१ च्याच घरात गेला असेल आणि केसपेपरवर क्रायसिसची नोंद असेल, तर टिंबानंतरच्या आकड्यासाठी दावा नामंजूर करू नये, दुरुस्तीला परत पाठवावा, आणि परत पाठवताना काय चुकले ते मराठीत लिहावे. घर चुकले असेल, केसपेपरवर तसा आजारच नसेल, तर खुशाल नाकारावा. यात लबाडाला फट मिळत नाही, कारण लबाडी टिंबानंतरच्या आकड्यात नसते. ती खाटेवर रुग्णच नसण्यात असते.

उशीर होईल, हे मान्य आहे. नव्या यादीतले उपचार लोकांना लवकर मिळायला हवेत आणि चाचणीच्या नावाखाली भिजत घोंगडे ठेवणे हाही अन्यायच. पण यादी वाढवणे आणि कोडची भाषा बदलणे ही दोन कामे आहेत, ती एकाच रात्री करायची गरज नाही. प्रकाशाचे बॅरेज तापीवर आहे. हतनूरचे पाणी सुटले की इथले दरवाजे उघडावे लागतात. ते उघडतात की नाही, हे कुणी पूर आल्यावर पाहत नाही. त्यासाठी मे महिना असतो.

आपले उत्तर पत्राने आले तर आनंद आहे, पण त्याहून बरे उत्तर सुचवतो. चाचणीची पहिली फेरी घ्यावी आणि तिचा निकाल, मग तो ८१ टक्के असो की ५१, जिल्ह्यातल्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलामागच्या भिंतीवर लावावा. किती दावे टाकले, किती परत आले, कशासाठी. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
योजनेचा एक लाभार्थी नागरिक
प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार